शालनचं माप

चटणीचं पाकीट माझ्या पायापाशी येऊन पडलं आणि फुटलं. नव्या नऊवारीच्या काठावर लाल भुकटी बसली.

"वास घे," आक्काताई खोत म्हणाली. "घे की! नाक तरी शाबूत हाय न्हवं तुझं?"

एप्रिलचा हंगाम होता. आमच्या चटणी कांडायच्या डंकावर पाय ठेवायला जागा नव्हती. वाळल्या मिरच्यांच्या पिशव्या घेऊन बायका ओट्यापर्यंत बसलेल्या. आक्काताईचा आवाज ऐकून आमच्या गड्यानं मोटर बंद केली. वर-खाली नाचणारी लोखंडी मुसळं जागच्या जागी थांबली, आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

मी कुणाच्या पायापाशी वाकत नाही, स्वतःच्याही नाही. सुनेला म्हटलं, "वैजयंता, उचल ते."

तिनं चिमूटभर तळहातावर घेऊन माझ्या नाकाशी धरली. संकेश्वरी मिरची, खोबरं, लसूण, हे तर सगळ्यांचंच असतं. पण मागून कारळं आलं, आणि सगळ्यात शेवटी ओव्याचा झटका. चटणीत ओवा घालणारं आमच्या पेठेत एकच घर, खोतांचं. आक्काताईच्या आजेसासूला पोटदुखी होती म्हणून घालायला लागले ते लागलेच.

पाकिटावर नथ घातलेली हसरी बाई छापली होती.

"माझ्या भाच्यानं पुण्याच्या दुकानातनं आणलं," आक्काताई म्हणाली. "मला म्हणतोय, मावशे, तू कंपनी कधी काढलीस? हौसाक्का, माझ्या घरचं माप तुझ्या कानात सांगितलं हुतं मी. दुकानात न्हवं."

ह्या कानाची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर माझा राग कळायचा नाही.

आमच्याकडे वर्षाची चटणी, म्हणजे मसाला घातलेलं तिखट, एकदाच कांडतात. मिरची-मसाला आमच्याच दुकानात घ्यायचा, मागच्या चुलवणावर भाजायचा, डंकावर कांडून न्यायचा. प्रत्येक घरचं माप वेगळं. कुणाचं तिळाचं जास्त, कुणी तिरफळाशिवाय घास गिळत नाही. आणि माप कुणी कुणाला सांगत नाही, सख्ख्या जावेलासुद्धा नाही. म्हणून डंकाच्या कोपऱ्यात गोणपाटाचा पडदा. बाईनं पडद्याआड यायचं, माझ्या कानाला लागायचं आणि सांगायचं. मी तसं जोखून द्यायचं. माझी सासू हेच करायची. मालक गेले तेव्हा भालचंद्र रांगत होता आणि शालन पोटात होती. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी पडद्याआड जाऊन बसले. दीर म्हणाले, बाईमाणसाला डंक झेपायचा नाही. त्यांच्या घरची चटणी मग मी कधी कांडली नाही. इचलकरंजीला न्यावी लागायची त्यांना.

पुढे माझा एक कान गेला आणि दुसरा मंद झाला. बाई पडद्याआड येऊन हळू बोलली की मी म्हणायची, "काय?" मग ती ओरडायची, "दगडफूल निम्मं!" आणि बाहेरच्या बायका ह्या ऽऽ करून हसायच्या. एकीचं माप असं सगळ्या पेठेला कळलं. ती रडत घरी गेली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तेव्हा वैजयंता म्हणाली, "आत्ती, मी एक करू का?"

तालुक्याला बायकांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग निघाला होता, तिथं ती जायची. पायथन का काय ते शिकायची. शिकायला सोपं म्हणून तेच देतात म्हणे आधी. डंकावर गोणपाटाआड यंत्र मांडून त्यात तिनं एक प्रकार केला. नाव टाकलं की त्या नावापुढचं माप यंत्राच्या काचेवर यायचं. नाव नाही तर माप नाही. ती त्याला डिक्शनरी म्हणायची. माझी शाळा दुसरीत सुटली. मी तिला बरणी म्हणायची. एकच मोठी बरणी, आत कप्पे, कप्प्यावर बाईचं नाव. हिनं तिला नाव दिलं होतं "मापं". बायकांनी पडद्याआड एकदाच हिच्याजवळ सांगायचं, पुढं ओरडायचं कारण नाही.

बायका बिचकल्या. मी ओट्यावर उभी राहून म्हटलं, "माझ्या कानात हुतं तसं ह्यात ऱ्हाईल. तिसरीकडं जाणार न्हाई. हा माझा शब्द."

त्या बरणीत पहिलं नाव घातलं ते माझ्या लेकीचं, शालनचं. तिचं माप आमचंही नव्हतं आणि तिच्या गडहिंग्लजच्या सासरचंही नव्हतं. दोन्ही मोडून तिनं तिसरंच केलं होतं. मला म्हणायची, "आई, तुझी चटणी भांडती आणि आत्तींची रडती. माझी गप बसून काम करती." उन्हाळ्यात माहेरी आली तेव्हा तिनंच वहिनीशेजारी बसून सांगितलं, हसत हसत. पुढच्या उन्हाळ्याला ती नव्हती. काविळीनं गेली. जावयानं वर्षाच्या आत दुसरी केली, तिनं स्वतःची चटणी लावली. शालनचं माप राहिलं ते त्या बरणीत.

तर त्या दिवशी मी आक्काताईला एवढंच म्हटलं, "बस. मी येते." आणि मागच्या दारानं घरात गेले. वैजयंता माझ्या पाठोपाठ.

भालचंद्र पोहे खात होता. मी पाकीट त्याच्या ताटलीत टाकलं.

"हे काय?"

त्यानं बघितलं आणि पोह्यातलं पाकीट बाजूला काढून ठेवलं. "नमुना हाय."

"कुणाच्या घरचा?"

"आई, चटणी हाय. सोनं न्हवं. जग कुठं गेलंय, तू अजून गोणपाटाआड. पुण्याची पार्टी हाय, घरोघरची चव म्हणून विकणार. आपलं नाव हुईल. मी एकच दिलंय नमुन्याला. बाकी करार झाल्यावर."

"बाकी?"

"सगळीच की. आज दुपारी त्याचा माणूस येतोय."

चुलीजवळची पळी माझ्या हातात आली. ती मी भिंतीवर मारली. त्याला मारली असती तर आज गोष्ट वेगळी असती. "वैजयंता," म्हटलं, "चल डंकावर. बरणी मोकळी कर. माझ्यासमोर. ह्याच्यासमोर."

तिनं नवऱ्याकडं बघितलं. मग मान खाली घालून पुढं झाली.

पडद्याआड ती यंत्रासमोर बसली. भालू चौकटीला टेकून उभा. मी तिच्या कानाशी वाकले. "शालनचं?"

"ते आहे आत्ती. मी आधीच जतन करून ठेवलंय. नावच 'जतन' दिलंय." तिनं काहीतरी टाकलं आणि काच अक्षरांनी भरली. मला लिहिता येत नाही धड, पण 'शालन' वाचता येतं. वरच होतं.

"बाकीच्यांची नावं कशाला ह्यात?"

"सगळ्याचीच नक्कल आहे. दुपारी निवांत तेवढं शालनताईंचं बाजूला काढते आणि उरलेलं टाकून देते."

"टाकच. माझ्या लेकीचं तेवढं माझं. दुसऱ्याचं कायबी नको."

मग तिनं "मापं"पुढं काहीतरी लिहिलं, बटण दाबलं आणि मला दाखवलं. दोन वाकडे कंस, मध्ये काहीच नाही.

"मोकळं?"

"मोकळं."

"आणि जतन?"

तिनं परत उघडलं. शालन होती तिथंच. "बघा. वेगळं आहे ते. त्याला धक्का नाही."

भालू शिट्टी वाजवत स्कूटरची किल्ली घेऊन गेला. ज्याचा धंदा बुडाला तो माणूस शिट्टी वाजवत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात जाळ होता. मी बाहेर गेले, शपथेला डंकाच्या मुसळावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "मोकळं केलंय. कुणाचं माप आता कुठं न्हाई. आक्काताई, तुझं एक गेलं, त्याची लाज माझी. दुसऱ्या कुणाचं जाणार न्हाई."

आक्काताई खोत मिरच्या न उचलता बसून राहिली. "बघू," म्हणाली.

दुपारी मी जेवायला घरात गेले. आमटी वाढून घेतली आणि डंकावरनं बोंब ऐकू आली. माझ्या मंद कानालाही ऐकू आली, म्हणजे विचार करा.

पळत गेले. वजनकाट्याजवळ लेबलं छापायचं छोटं यंत्र होतं. त्यातनं कागदाची पट्टी लोंबत होती आणि तिचं टोक तानूबाई मगदुमच्या मुठीत होतं. भालू एका बाजूनं, इस्त्रीच्या कपड्यातला एक परका माणूस दुसऱ्या बाजूनं, आणि तानूबाई मधे किंचाळत होती, "माझं नाव! ह्याच्यावर माझं नाव हाय! तीळ बी हायत, खसखस बी हाय! मेल्या, माझ्या सासूनं मरताना सांगितलेलं हाय ते!"

बायका उठल्या होत्या. कुणाच्या हातात झारा, कुणाच्या हातात सूप. त्या पुण्याच्या माणसानं एकदा बायकांकडं बघितलं, एकदा भालूकडं, आणि मोटारीत जाऊन बसला. काचा वर केल्या. भालू त्याच्या मागं "साहेब, साहेब" करत गेला, आणि त्याच गाडीत बसून दोघं गेले. पट्टी तेवढी एकच निघाली होती. ती तानूबाईनं चुलवणात घातली.

मग सगळ्या माझ्याकडं वळल्या.

"मुसळावर हात ठेवला हुतास," आक्काताई हळूच म्हणाली. मला ऐकू आलं नाही, ओठांवरनं कळलं.

आयुष्यात माझ्याकडं कुणी असं बघितलं नव्हतं. दिरांनी नाही, सावकारांनी नाही. मी वळले, वैजयंताचं मनगट धरलं आणि तिला पडद्याआड ओढलं.

"सामील हाईस व्हय गं नवऱ्याला? कंस दाखवलीस मला! अडाणी म्हातारी, तिला दोन कंस दाखवलं की झालं!"

तिनं मनगट सोडवलं. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्यापुढं कधी मोठ्यानं बोलली नव्हती. "तोंड सांभाळा आत्ती. सामील असते तर तुमच्या एका शब्दावर नवऱ्यादेखत हात लावला असता का मी? घरात मला रोज त्यांच्याशेजारी झोपायचंय, तुम्हाला नाही."

"मग आलं कुठनं तानूबाईचं नाव?"

"बघू तर द्या!"

ती बसली. "मापं" उघडलं, मोकळंच होतं. मग थांबली. मग दुसरंच एक नाव टाकलं, आणि काच भरून वाहिली. खोत, मगदूम, चौगुले, सगळ्या.

"हे काय?"

"व्यापार," ती म्हणाली. "ह्यांनी मागं सांगितलं होतं, लेबलासाठी मला एक वेगळं नाव करून दे. मी करून दिलं. मला काय ठाऊक कशाला हवंय ते. मी सकाळी मापं मोकळं केलं, हे तसंच राहिलं."

"म्हणजे आणखी एक नक्कल."

"तसंच दिसतंय."

"मग हे मोकळं कर. आणि सकाळसारखं न्हवं. सकाळी काय केलंस?"

"मापंच्या जागी नवं कोरं ठेवलं."

"नवी कोरी बरणी दाखवून मला फसवू नको. भरलेली हाय तीच उपस. तळापासनं. माझ्या डोळ्यादेखत."

"त्याला क्लिअर म्हणतात," ती म्हणाली. "आहे तेच रिकामं करायचं."

"मग तेच."

बाहेर गोणपाटापलीकडं बायकांच्या सावल्या हलत होत्या. तिनं टाकलं. बटण दाबलं. व्यापार उघडून दाखवलं, दोन कंस. आणि हंगामात रोज करायची त्या सवयीनं तिनं लगोलग सगळं फाइलीत उतरवून टाकलं, म्हणजे उद्या यंत्र चालू केलं तरी हेच येणार.

"आता जतनातली शालन काढ," मी म्हटलं, "आणि तेबी मोकळं कर. मग मी बाहेर जाते."

तिनं जतन उघडलं.

दोन कंस.

तिनं परत उघडलं. परत दोन कंस. तिनं फाइल उघडली. मग बटणांवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"काय झालं?"

मी तिचा खांदा धरून हलवला. "वैजयंते!"

"आत्ती, नक्कल नव्हतीच," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक होता, पण त्या वेळी मला सगळं ऐकू आलं. "बरणी एकच होती. मी तिला नुसत्या तीन चिठ्ठ्या लावल्या. मापं, जतन, व्यापार. 'जतन', मग बरोबरचं चिन्ह, मग 'मापं', असं लिहिलं की दुसरी बरणी भरते असं मला वाटलं. ती भरतच नाही. सकाळी मी बरणी मोकळी केलीच नव्हती. मापंची चिठ्ठी काढून कोऱ्या बरणीला लावली फक्त. म्हणून जतन भरलेलं दिसलं, आणि मला वाटलं ते वेगळं आहे. आता उपसली ती खरी बरणी. तिन्ही चिठ्ठ्यांची मिळून एकच."

"आणि शालन?"

तिनं माझ्याकडं बघितलंच नाही.

"तुला आठवत असंल. तुझ्याशेजारी बसून सांगितलं तिनं."

"यंत्रात टाकलं की विसरायचं, म्हणूनच तर यंत्र केलं होतं ना आत्ती."

माझा हात वर गेला होता. तिच्यावर, यंत्रावर, कुणावर ते मला माहीत नाही. तेवढ्यात पडदा बाजूला झाला. आक्काताई आत आली, तिच्यामागं तानूबाई, आणि मागं जेवढ्या मावल्या तेवढ्या. त्या पडद्याआड माझ्याखेरीज एका वेळी दोन बायका कधी आल्या नव्हत्या.

"झालं मोकळं?" आक्काताई म्हणाली.

"झालं."

"सकाळी बी झालं हुतं."

मी वर गेलेला हात खाली घेतला.

"हौसाक्का, तुझ्या शब्दावर आता न्हाई जायचं. आमी नावं टाकून बघणार. आणि पैलं नाव माझं न्हवं." ती वैजयंताच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिली. "शालनचं टाक. सगळ्यांचं काढशील तू, पोटच्या पोरीचं काढायची न्हाईस. ते असंल, तर आमचीबी असतील कुठंतरी."

हुशार बाई. शाळेचं तोंड न बघितलेली, पण नेमकं बोट ठेवलं. सकाळी हे विचारलं असतं तर मी पकडली गेले असते.

वैजयंता माझ्याकडं बघत होती. सांगू का, असं विचारत होती. चुकून गेलं, आम्ही ठेवणार होतो, असं.

"टाक," मी म्हटलं.

तिनं एकेक अक्षर दाबलं. शा. ल. न. बटण दाबलं. यंत्रावर लाल अक्षरात काहीतरी उमटलं.

"काय म्हणतंय?" तानूबाईनं विचारलं.

"हे नाव इथं नाही म्हणतंय," वैजयंता म्हणाली आणि पदर तोंडावर घेतला.

कुणीतरी मागं "अगं बाई" म्हटलं. आक्काताईनं मग स्वतःचं नाव टाकायला सांगितलंच नाही. तिचा चेहरा उतरला होता. माझ्याजवळ आली आणि माझ्या चांगल्या कानाला तोंड लावून म्हणाली, "पटलं गं हौसाक्का. आता पटलं."

त्या एका शब्दाचा मला जो राग आला, तो पाकिटाचा आला नव्हता, भालूचा आला नव्हता. तीस-चाळीस वर्षं त्या कोपऱ्यात बसले. कुणाची चिमूट इकडची तिकडं केली नाही. एवढं करून माझ्या तोंडच्या शब्दावर हिला पटलं नाही. माझी लेक दुसऱ्यांदा गेली, तेव्हा पटलं. आणि ती गेली हेही मला सांगता येईना, कारण सांगितलं असतं तर ठेवणार होते हेही सांगावं लागलं असतं.

"पटलं न्हवं?" मी म्हटलं. "मग हो बाहेर. तुझ्या मिरच्या उन्हात करपाय लागल्यात."

गड्यानं मोटर चालू केली.

भालू तिसऱ्या दिवशी आला. मी त्याची पेटी ओट्यावर ठेवली होती. त्यानं बायकोकडं बघितलं, "येतीस?" म्हणाला. वैजयंता धने पाखडत होती. सूप खाली न ठेवता तिनं मान हलवली. तो पुण्याला असतो. पैसे पाठवतो, मी परत पाठवते.

यंत्र अजून आहे. वैजयंता त्यावर लाइटबिलं भरते. मापं परत कानात आली. आता ती माझ्या कानात नाही, तिच्या कानात सांगतात. तिचे दोन्ही कान शाबूत आहेत. मी पडद्याबाहेर खुर्ची टाकून बसते आणि कुणी रांग मोडली की शिव्या घालते.

फक्त दर हंगामाला, शेवटच्या दिवशी, डंक धुवायच्या आधी ती ओंजळभर चटणी वेगळी कांडते. कधी तीळ वाढवते, कधी खोबरं कमी भाजते. कुणासाठी ते बोलत नाही. माझ्यासमोर येऊन तळहात धरते.

मी जिभेला लावते.

"न्हाई," म्हणते.

"काय कमी आहे, आत्ती?"

"मला काय इचारतीस? उपसली कुणी?"

"उपस म्हणालं कोण?" ती म्हणते.

मग आम्ही दोघी काही वेळ एकमेकींकडं रागानं बघतो, आणि ती हात धुवायला जाते.